मनीच्या पिल्लांचं औषध

हे मी बायकोजवळही बोललेलो नाही. कितीदा ओठांवर आलं — पण "मांजराचं काय एवढं" असं ती म्हणेल, आणि ते ऐकून मला बरं वाटेल, याचीच भीती वाटायची.

काल्हेरला एका गोदामात मी सुपरवायझर आहे. बिस्किटांचा माल, म्हणजे उंदीर आलेच. त्यांच्यासाठी एक मांजर ठेवलं होतं — मनी. तिला जीव लावला तो पॅकिंगवरच्या सुनंदाने. मनी व्यायली, दोन पिल्लं झाली. पोटं टम्म, बाकी नुसती हाडं. सुनंदा तिघांना खोक्यात घालून डॉक्टरांकडे घेऊन गेली. जंत, ते म्हणाले. आईच्या दुधातून येतात, म्हणून आईलाही औषध द्या, आणि पंधरा दिवसांनी सगळ्यांना पुन्हा.

पहिला डोस तिने दिला. दुसऱ्याच्या वेळी ती लेकीच्या बाळंतपणाला पडघ्याला निघाली. बाटली माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "दादा, तेवढं पाजाल ना? मनी चावते, पन सुपरवायझरला न्हाय चावनार."

मी हसलो. हो म्हणालो.

आणि पाजलं नाही. विसरलो असतो तर — पण विसरलो नव्हतो. आमच्या गोदामांत एक समज आहे: पोटात जंत असले की मांजर भुकेलं राहतं, आणि भुकेलं असलं तरच उंदीर धरतं. पहिल्या डोसानंतर मनी नुसती झोपून असायची. खोकी कुरतडलेली निघत होती, शेठ मला बोलत होता. मी बाटली कपाटात मागे सारली. पिल्लांचा विचार आला नाही का? आला होता.

सुनंदा परतली तेव्हा एक पिल्लू गेलेलं. दुसरं तिच्या पदरात ओकलं — शेवयांसारखे जंत, वळवळणारे. संध्याकाळपर्यंत तेही गेलं.

"औषध दिलं होतं ना, दादा?"

"दिलं."

तिने पदराचं टोक पुसलं. मग म्हणाली, "मंग माझंच माप चुकलं असंल. पयल्यांदा मीच कमी पाजलं."

तेव्हा बोलायचं होतं. तिचं माप बरोबर होतं — एवढंच तर सांगायचं होतं ना? मी तिच्यासाठी चहा मागवला.

गेल्या आठवड्यात पॅलेटमागे दुसरं मांजर व्यायलं. नव्या पोरींनी सुनंदाला हाक मारली. "नको बाय, माझ्या हाताला यश न्हाय," म्हणाली, आणि खोक्यांना टेप लावत राहिली. मी तिथेच उभा होतो. तेवढ्यात मालाची गाडी आली म्हणून मला कुणीतरी बोलावलं, आणि मी गेलो. बोलावलं नसतं तरी गेलो असतो.