वहिनींची गिरणी आणि माझा विमा

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. पुराचा विषय निघाला की पाणी प्यायच्या निमित्ताने उठून जायचो.

नगरमध्ये सीना नदीच्या काठी आमची गल्ली. शेजारी वहिनी राहायच्या, माझ्या वारलेल्या मित्राची बायको. पुढच्या खोलीत त्यांची पिठाची गिरणी होती. दुपारी पट्टा फिरायला लागला की माझीही भिंत थरथरायची आणि बाजरीच्या गरम पिठाचा वास थेट माझ्या पलंगापर्यंत यायचा.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला. त्यामुळे पाण्यातलं मला कळतं, असं गल्ली धरून चालायची. एकदा विमा विकणारा एक तरुण आला. घराबरोबर पुराचंही संरक्षण मिळेल, म्हणाला. मी ओट्यावरून सगळ्यांदेखत म्हणालो, "अरे, नदीत पोरं क्रिकेट खेळतात. विकायचाच तर टँकरचा विमा वीक!" गल्ली खो खो हसली. आमच्याकडे विमा कागद वाचून घेत नाहीत, शेजाऱ्याकडे बघून घेतात. कुणीच घेतला नाही.

संध्याकाळी वहिनी पिठाने माखलेल्या हातांनीच आल्या. "भाऊजी, खरं सांगा, तुमी काढलाय का? गिरणीची मोटार नवी हाय."

"छे! मला काय वेड लागलंय?"

"मग मलाबी न्हाई लागलं," म्हणत त्या हसत परत गेल्या.

माझ्या घराचा विमा होता. कर्ज देताना बँकेनेच तो काढायला लावला होता, पुरासकट. पण सकाळी सगळ्यांना हसवलं होतं, आता हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

पुढे एका पावसाळ्यात वरच्या अंगाला तुफान पाऊस झाला आणि भरदुपारी पाणी गल्लीत शिरलं. माझी पडलेली भिंत विम्यातून पुन्हा उभी राहिली. वहिनींची मोटार चिखलात बसली ती कायमचीच. सरकारी मदतीची वाट बघून त्या राजूरला लेकीकडे गेल्या.

मी भेटायला गेलो. चहा देत म्हणाल्या, "इकतचं पीठ खाताय व्हय? लई वाळलात!" मी नुसता हसलो. येताना बसमध्ये शब्द जुळवत राहिलो. त्याच हिवाळ्यात त्या वारल्या.

आता दुपारी भिंत गप्प असते. नवी आहे, ओलसुद्धा धरत नाही. कधी कधी तिच्यावर हात ठेवून मी म्हणून बघतो, "वहिनी, माझा विमा होता. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. मला माफ करा."