खडतकरांच्या वडाला पाणी

किस्से काही कुणी साठवत नाही. माठाखालच्या ताटलीत पाणी साचतं तसे ते साचतात. कुणी ओतताना दिसत नाही आणि सकाळी बघावं तर ताटली काठोकाठ! आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या गच्चीवरच्या बैठकीचं तसंच झालं. बैठक म्हणजे तीन माणसं. मी, तारखात्यातला कारकून. नथ्थूजी नंदनवार, मागावर नऊवारी पातळं विणणारे कोष्टी. आणि गच्चीचे मालक मारोतराव खडतकर, सरकारी कोठारातले स्टोअरकीपर. मी सांगतो त्यातलं अर्धं खोटं असतं, असं नथ्थूजी चारचौघांत म्हणतात. कुठलं अर्धं, हे मात्र त्यांना अजून सांगता आलेलं नाही!

*

दुसरी मोठी लढाई संपल्यावर मारोतराव वर्षभर जपानात होते, पलटणीतले स्टोअर हवालदार म्हणून. ते परतले त्या दिवशी त्यांची ट्रंक उघडायला सगळी गल्ली जमली. कुणाच्या मनात घड्याळ, कुणाच्या मनात रेशीम. ट्रंकेतून निघाली एक वाकड्या तोंडाची कात्री, तांब्याच्या तारेचं भेंडोळं आणि बश्यांसारख्या उथळ चार कुंड्या.

सासरेबुवांनी कात्री उलटसुलट करून पाहिली आणि शांतपणे विचारलं, "जावईबापू, सलून काढता काय?"

सलून निघालं, पण झाडांचं. मारुतीच्या देवळाच्या भिंतीतून एक वड फुटला होता. भिंत फाटेल म्हणून पुजारी तो उपटून फेकणार, तेवढ्यात मारोतरावांनी त्याला घरी आणलं आणि कुंडीत बसवलं. मग पिंपळ आला, उंबर आला, चिंच, संत्रा. मुळं छाटायची, फांद्यांना तार गुंडाळायची, आणि झाड म्हातारं होऊ द्यायचं पण मोठं होऊ द्यायचं नाही. दहा वर्षांत तेवीस झाडं झाली. सगळ्यांत उंच तो वड, सव्वा हात. आणि त्याला पारंब्या!

*

नथ्थूजींची आई एकदा गच्चीवर आली. ऐंशीची म्हातारी. वडापुढे बसली, पारंबीला बोट लावून पाहिलं आणि वय विचारलं. मारोतरावांनी छाती फुगवून सांगितलं, दहा वर्षं.

म्हातारीचा चेहरा उतरला. ती उठून खाली गेली. दुसऱ्या दिवशी नथ्थूजींच्या डोक्यावर शेणखताची पाटी देऊन तिनं निरोप धाडला, "दहा वर्साचं लेकरू अन् येवढूसं? गरिबी काही पाप नाही गा बापा. पण झाडाले उपाशी ठेवू नोको."

मारोतरावांनी खत ठेवून घेतलं. म्हातारी जिवंत होती तोवर दर दिवाळीला पाटी येत राहिली.

*

नागपूरची राजधानी गेली तेव्हा आमच्या गल्लीतले निम्मे कारकून भोपाळला नाही तर मुंबईला गेले. मारोतरावांना तर बढतीवर बदली आली. त्यांनी ती नाकारली. साहेबांनी कारण लेखी मागितलं. मारोतराव खोटं लिहिणारे नाहीत. त्यांनी लिहिलं, "घरी तेवीस लहान जीव माझ्यावर अवलंबून आहेत."

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि शेरा मारला : 'सहानुभूतीने विचार व्हावा.'

*

पण हसण्यावारी नेण्यासारखं सगळंच नव्हतं. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. बशीएवढ्या कुंडीतली माती एका दुपारी लाही होते. दिवसातून दोनदा पाणी, एकदा जरी चुकलं तरी झाड गेलं. मारोतराव सकाळी नळ आला की बत्तीस पायऱ्या चढून बादल्या नेत. झाडांना पाणी घातल्यावाचून अन्नाला शिवत नसत. आणि हे काम दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत.

परिणाम असा की त्यांची एकुलती एक मुलगी, शांता, लग्न होऊन इटारसीला गेली त्याला चार वर्षं झाली, आणि बापानं तिचं घर पाहिलेलं नव्हतं. बाळंतपणाला ती इथे आली, ते तेवढंच. त्यांची बायको, आमच्या गिरजावहिनी, एकट्या जाऊन येत. तिकडे सासरचे विचारत, तुझे बाबा आहेत ना? शांता म्हणे, आहेत. मग दिसत काहून नाहीत?

त्या वैशाखात तिचं पत्र आलं. नातवाचं जावळ ठरलं होतं. शेवटची ओळ वहिनींनी आम्हाला वाचून दाखवली, "बाबा या वेळी आले नाहीत तर मी परत बोलावणार नाही."

वहिनींनी पत्राची घडी केली. "पुढल्या जन्मी मी कुंडीतलं झाड होईन," त्या म्हणाल्या. "हा माणूस मंग दिवसातून दोनदा तरी मले पाहीन." आणि वडाकडे बोट करून, "माही सवत आहे ते."

मारोतराव मान खाली घालून बसले होते. तसेच म्हणाले, "आपोआप पाणी पडायची काही सोय झाली, तर येतो."

नथ्थूजींनी माझ्याकडे पाहिलं, मी नथ्थूजींकडे. तिथून पुढे आमची इंजिनिअरिंग सुरू झाली.

*

पहिलं यंत्र माझं. गजराच्या घड्याळाची मागची चावी गजर वाजताना गरगर फिरते, हे मी रोज सकाळी पाहत होतो. चावीला दोरी, दोरीचं दुसरं टोक उंचावर तोललेल्या रॉकेलच्या डब्याला. पाच वाजता गजर होईल, दोरी गुंडाळेल, डबा कलंडेल, पाणी पन्हळीतून सगळ्या कुंड्यांना जाईल. कागदावर तर ते विलायतेला शोभेल असं होतं.

त्याच दिवशी मारोतरावांचे साडू उमरेडहून बसनं आले आणि उकाड्यामुळे गच्चीवर बाज टाकून निजले. बाज कुठे टाकावी हे त्यांना कुणी सांगितलं नाही. पाचला गजर झाला, दोरी गुंडाळली, डबा कलंडला. सगळं बरहुकूम! फक्त पन्हळ सरकलेली होती.

आम्ही धावत वर गेलो. साडू बाजेवर नखशिखांत निथळत बसले होते. शांतपणे म्हणाले, "खडतकर, पाहुण्याले उठल्याउठल्या आंघोळीची सोय, हे चांगलं आहे. पण पाणी जरा कोमट पायजे होतं."

*

दुसरं यंत्र नथ्थूजींचं. प्रत्येक कुंडीशेजारी पाण्याचा तांब्या, तांब्यातून सुताची वात कुंडीत. सूत पाणी ओढेल, माती पाणी पिईल. नथ्थूजींनी मागावरचं सूत आणलं, तेवीस वाती वळल्या, आणि आम्ही दिवसभर पहारा केला. एक थेंब सरकला नाही.

मी म्हटलं, नथ्थूजी, तुमचं सूत बिघडलेलं आहे. नथ्थूजी भडकले. त्या सुताला मागावरच्या ताण्यासाठी खळ लावलेली होती आणि खळीचं सूत पाणी ओढत नाही, हे ते साफ विसरले होते. पण मान्य कोण करतो? म्हणाले, "पाणी पेणारं सूत आमच्या घरात विणत नाही!"

दुसऱ्या दिवशी मात्र मुकाट्यानं बिनखळीचं सूत घेऊन आले. आणि काय सांगू, अप्रतिम चाललं. तीन दिवस माती ओली राहिली. मारोतरावांनी तिकिटाची चौकशीसुद्धा केली. चौथ्या दिवशी सकाळी तेवीसच्या तेवीस वाती गायब. वर पाहिलं तर जिन्यावरच्या छपराच्या वळचणीला चिमण्यांची घरटी, मऊ, पांढरी, ओलसर.

वहिनी म्हणाल्या, "माह्या पोरीकडे जाणं होवो न होवो, चिमणीच्या बाळंतपणाची सोय झाली."

*

तिसरी युक्ती वहिनींचीच. महादेवाच्या पिंडीवर उन्हाळ्यात गळती टांगतात ना? मडक्याच्या बुडाला भोक, भोकात वात, थेंब थेंब पाणी. देवाला चालतं ते झाडाला का चालू नये? कुंभाराकडून तेवीस मडकी आली, बांबू बांधले, आणि प्रत्येक झाडावर गळती टांगली. सकाळी भरलेलं मडकं संध्याकाळपर्यंत ठिबकत राही. सकाळ-संध्याकाळ मडकी भरायचं मी कबूल केलं.

स्टेशनवर मारोतरावांनी मला चार पानी यादी दिली. कोणत्या झाडाला किती गडू, कोणतं झाड ऊन खातं, कोणतं रुसतं. गाडीची शिटी झाल्यावर ते दोनदा उतरले. एकदा चिंचेचं सांगायला, एकदा चिंचेचं सांगितलं का ते विचारायला. तिसऱ्यांदा उतरायला गेले तेव्हा वहिनींनी धोतराचा सोगा धरून ठेवला.

*

आता शेवटचं.

तेवीस मडकी, दोन वेळा, बत्तीस पायऱ्या. तिसऱ्या दिवशी माझा गुडघा बोलू लागला. मी बादली घेऊन नळावर बसलो होतो. शेजारच्या सरूबाईंनी विचारलं, की गच्चीवर महादेवाच्या गळत्या कशापायी टांगल्या?

मी खोटं बोललो नाही. देवळातला वड आहे म्हटलं. आणि त्याला पाणी घातल्यावाचून खडतकर अन्न घेत नाहीत म्हटलं. यातलं एक अक्षर खोटं असेल तर सांगा!

दुसऱ्या दिवशी सकाळी सरूबाई गडू घेऊन वर गेल्या. संध्याकाळी चौघी. आठवड्यात नळापासून गच्चीपर्यंत रांग. बायका येत, नमस्कार करत, एकेक मडकं भरून जात. कुणी दूध घातलं, मुंग्या झाल्या, म्हणून मी पाटी लावली : 'फक्त पाणी. एकीने एकच गडू.' माझा गुडघा बरा झाला.

इटारसीहून रोज कार्ड येई. पहिली तीन नुसती झाडांची चौकशी. मी उत्तर दिलं, "सर्व ठीक. पाणी आपोआप पडत आहे." चौथ्या कार्डात एकच ओळ होती : 'नातू माझ्या मिशा ओढतो.' झाडांचा उल्लेख नव्हता. पुढच्या कार्डांतही नव्हता. चार दिवसांचे पंधरा झाले.

दोघं परतले ती नेमकी वटपौर्णिमा. वडाची कुंडी मी चौरंगावर गच्चीच्या मधोमध ठेवलेली. सव्वा हाताच्या वडाला गल्लीभरच्या बाया सूत गुंडाळत होत्या. सूत नथ्थूजींचं, बिनखळीचं.

मारोतराव होल्डॉलची वळकटी खांद्यावर घेऊन तसेच जिना चढू लागले. पहिल्या पायरीवर सरूबाईंनी आडवा हात धरला.

"अहो, झाड माझं आहे," मारोतराव म्हणाले.

"असन. आज बायाईचा दिवस आहे. खाली बसा."

दहा वर्षांत त्या जिन्यावर त्यांना कुणी अडवलं नव्हतं. ते अंगणात होल्डॉलवर बसले. वहिनी गाडीत सकाळपासून उपाशी होत्या. त्यांनी हातपाय धुतले, गडू भरला आणि सवतीकडे गेल्या. बराच वेळ झाला. मारोतरावांना राहवेना. खालून ओरडले, "शांताची आई, माती ओली असन तर पाणी नोको घालू वं!"

वहिनी कठड्यावरून वाकल्या. हातात सुताचं टोक होतं.

"सांगितलं मी तिले," त्या म्हणाल्या, "सात जन्म ह्या माणसाले मी सांभाळीन. वर्षाचे पंधरा दिवस तू आपलं आपण पाहून घे."