एकादशीची ओहोटी

काळ्या खडपापलीकडच्या वाडीचं टपाल म्हणजे दयारामच्या नशिबी आलेली साडेसाती. किहीमच्या पुढे डोंगराचा कडा सरळ पाण्यात उतरलेला. त्याच्या आड ओंजळीएवढी वाळूची पुळण आणि सहा घरं. वरून वाट नाही, होडी लावायला जागा नाही. ओहोटीला कड्याच्या पायथ्याचा कातळ, म्हणजे ते खडप, उघडं पडलं की तीन-साडेतीन तासांत जायचं आणि परत यायचं. पोस्टातल्या साहेबांना घड्याळ ठाऊक. दयारामला तिथी बघावी लागे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे बापाने शिकवलेलं गणित. पंचवीस वर्षं हेच केलं. गुडघ्यांचा पार भुगा झाला होता. बदलीचे तीन अर्ज कुठे गेले ते देव जाणे!

वाडीत रंगूबाय राहायची. एकुलता एक मुलगा मुंबईला गिरणीत. त्याची पत्रं दयारामच वाचून दाखवायचा, मग ती त्याला गुळाचा खडा द्यायची.

छप्पन सालच्या माघात, दुपारी तीनला तिच्या नावाची तार आली. मुलगा इस्पितळात, ताबडतोब या. दयाराम सकाळपासून आठ मैल चालून नुकता टेकला होता. त्याने डबा उघडला, आत उकडलेली रताळी. म्हणजे आज एकादशी. अकराची पाऊणपट सव्वाआठ. सहा तासांनी, सव्वादोनला ओहोटी, चारला वाट बुडणार. खडपापर्यंत सव्वा तासाची चाल. झालं, आज काही पोचत नाही!

खोटं कशाला बोला, त्याला बरंच वाटलं. आंधळा मागतो एक डोळा, तशातली गत. भिंतीवर कॅलेंडर होतं, पण मान वर करायचाही कंटाळा आला. तार पिशवीत ठेवून त्याने पाय पसरले.

दिवेलागणीला घरी जाऊन तो बायकोला, सत्यवतीला, म्हणाला, "एकादशीमुळे वाचलो आज."

"एकादशी कालच झाली की लोकांची," ती म्हणाली. "आज द्वादशी. आपली भागवत एकादशी, माझ्या माहेरचे माळकरी ना, म्हणून आज धरली."

दयारामने बोटांवर पुन्हा हिशेब केला. बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे वाट पावणेपाचपर्यंत उघडी होती. गेला असता तर म्हातारीला घेऊन परतही आला असता, सकाळची लाँच मिळाली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी उतरलं तसा तो धावत गेला. "काल वाट बंद होती गं, रंगूबाय," असं म्हणत त्याने तार वाचली. ती लुगडं खोचून निघाली. मुंबईला पोचली त्याच्या आदल्या संध्याकाळीच मुलगा गेला होता.

त्यानंतर सहा वर्षं दयाराम त्या खडपावरून जात राहिला. तिला पत्र यायचं नाही, तरी तिच्या दारावरूनच जावं लागे. ती गुळाचा खडा द्यायची, त्याला तो गिळवत नसे. जीव नुसता थकून गेला.

नोकरीच्या शेवटच्या फेरीला मात्र तो तिच्या ओट्यावर बसला आणि म्हणाला, "रंगूबाय, त्या दिवशी वाट बंद नव्हती. माझी तिथी चुकली. आणि खरं सांगतो, मला यायचं जिवावर आलं होतं."

रंगूबाय तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "त्या दिवशी उन्हं कलेपर्यंत मी त्याच खडपावर कालवं फोडत व्हते. वाट सुकी ठणठणीत व्हती."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू येनं सोडलं असतंस. त्याची पत्रं तुझ्याच तोंडून ऐकलेली रं. त्याचा आवाज आता तेवढाच ऱ्हायलाय."

तिने मुठीतला गुळाचा खडा पुढे केला. दयारामने तो तोंडात टाकला आणि लहान पोरासारखा रडला. मग तीच म्हणाली, "ऊठ आता. पानी चढतंय."