आगीच्या जिन्याचे दोन फोटो

पालिकेच्या ऑफिसात सगळे तिला जिनेवाली म्हणत. पहिली दोन वर्षं तोंडावर ताई आणि पाठीमागे जिनेवाली असं चाललं, मग तोंडावरही जिनेवालीच. नावात खोटं काही नव्हतं. एकोणीस वर्षं ती इमारतींच्या मागच्या बाजूला उभी राहून आगीच्या जिन्यांचे फोटो काढत होती. आग लागली, आतला जिना धुरानं भरला, तर माणसांनी खिडकीतून बाहेर पडून ज्यावरून उतरायचं ते हे लोखंडी जिने. भिंतीला चिकटलेले, मजल्यामजल्याला छोटा सज्जा असलेले. दर तीन वर्षांनी त्यांची तपासणी व्हायची. तपासनीस वर चढून बोल्ट हलवून बघायचा, ती खालून फोटो काढायची, फोटो फायलीत लागायचा आणि फाइल कपाटात जायची.

शहरातल्या निम्म्या इमारती ती फक्त पाठीकडून ओळखायची. कुणी पत्ता विचारला तर म्हणायची, "मागून सांगू का? पुढून कशी दिसते देव जाणे."

घरी ती आणि तिची आई. आईची जीभ कात्रीसारखी. "लोकांच्या मुली नवरा-नवरीचे फोटो काढतात, डोंगर-दऱ्यांचे काढतात. माझी लेक गंज काढते," असं ती आल्यागेल्याला सांगायची. सांगताना मात्र तिच्या आवाजात थोडी ऐट असायची.

सुरुवातीची वर्षं जिनेवालीला त्या जिन्यांत गंजच दिसायचा. कधी काय बदललं ते तिलाही नेमकं सांगता आलं नसतं. एकदा एका गल्लीत तपासनिसाची वाट बघत ती तासभर उभी राहिली. ऊन कलायला लागलं आणि समोरच्या विटांच्या भिंतीवर जिन्याची सावली हळूहळू उतरायला लागली. कठड्याचे गज लांबले, पायऱ्या तिरप्या झाल्या, आणि एका जिन्याचे दोन जिने झाले. एक लोखंडाचा, एक सावलीचा. तिनं फोटो काढला. तपासनीस येऊन मागे उभा आहे हेही तिला कळलं नाही.

त्या दिवसापासून तिला वेडच लागलं. कुठल्या गल्लीत ऊन किती वाजता शिरतं, कुठल्या भिंतीवर किती वेळ टिकतं, सगळं तिला तोंडपाठ झालं. दुपारची कामं ती चारवर ढकलायला लागली. घाईघाईत, जीव वाचवायला बांधलेली ही वस्तू. कुणी तिला सुंदर करायचा प्रयत्न केला नव्हता. कदाचित म्हणूनच ती इतकी सुंदर होती, असं तिला वाटायचं. हे ती कुणाला बोलून दाखवत नसे. फोटो फायलीत लावला की तेवढ्यावर तिचं समाधान व्हायचं. कपाटातलं का होईना, प्रदर्शनच ते!

मग शिंपी पडला.

जुन्या पाचमजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एका शिंप्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक खोली, दोन मशीन आणि खिडकी. एका सकाळी तो कापडाच्या चिंध्या झटकायला चादर घेऊन खिडकीतून मागच्या सज्ज्यावर गेला, आणि सज्ज्याची एक बाजू भिंतीतून निखळली. खालच्या मजल्याच्या कठड्यात तो अडकला, नाहीतर थेट फरशीवर आला असता. जिवावरचं पायावर निभावलं, एवढंच. उजव्या मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं.

जिन्याची तपासणी सात महिन्यांपूर्वीच झाली होती. फाइल निघाली. मोठ्या साहेबांनी फोटो टेबलावर ठेवला आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

"हे बघा, यात सगळं जागच्या जागी आहे. म्हणजे तेव्हा जिना ठीक होता. पुढं मालकानं लक्ष दिलं नाही, त्याला आपण काय करणार? तुमचा फोटो होता म्हणून वाचलो आपण."

जिनेवालीनं फोटोकडे पाहिलं. चारचं ऊन, विटांवर पसरलेली सावली. तिला तो दिवस आठवला.

त्या दिवशी ती दोनदा गेली होती. आधी बाराला. तेव्हा फोटो सपाट आला, काही जीव नव्हता त्यात. म्हणून ती थांबली आणि चारला पुन्हा काढला. फायलीत तोच लावला. बाराचा फोटो तिनं टाकला नव्हता. ती काहीच टाकत नसे. जेवणाच्या सुट्टीत तिनं तो शोधून उघडला. तिसऱ्या मजल्याच्या सज्ज्याखाली एक बोल्ट नव्हता, आणि लोखंड भिंतीपासून दोन बोटं सुटलेलं होतं. शेंबड्या पोरालाही दिसलं असतं. चारच्या फोटोत नेमक्या त्याच जागेवर कठड्याची सावली होती.

तिनं तपासनिसाला ऑफिसच्या जिन्याखालच्या चहाच्या टेबलाशी गाठलं. तो सरळ मनाचा माणूस, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, गुडघे गेलेले.

"त्या दिवशी तुम्ही वर चढला होतात का?" तिनं विचारलं.

"पहिल्या मजल्यापर्यंत. पुढचं तुझ्या फोटोत बघून लिहिलं. तुझा फोटो म्हणजे काय, आरशासारखा."

तिनं त्याला बाराचा फोटो दाखवला. त्यानं कप खाली ठेवला.

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते, ताई," तो हळूच म्हणाला. कितीतरी वर्षांनी त्यानं तिला ताई म्हटलं होतं. "तू कशाला आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतेस? तुला कुणी विचारलंय का?"

"नाही विचारलं."

"मग?"

ती फोटो उचलून निघून गेली. चार दिवस दोन्ही फोटो तिच्या पिशवीतच राहिले. आईनं चार दिवस वाट बघितली, पाचव्या दिवशी ताटावर बसतानाच विचारलं, "काय झालंय?"

तिनं सगळं सांगितलं. आईनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे चूक झाली तुझी."

"हो."

"मग तिच्यावर बसून काय राहिलीयस? उबवायची आहे का?"

दुसऱ्या दिवशी तिनं दोन्ही फोटो साहेबांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. तपासनीस कुठवर चढला होता, ते ती बोलली नाही. ते त्याचं त्यानं सांगायचं होतं, आणि संध्याकाळी त्यानं सांगितलंही. साहेब आधी चिडले, मग हताश झाले, मग नियमाप्रमाणे वागले. तपासनीस मुदतीआधीच घरी गेला. मालकाला पूर्ण जिना नव्यानं बसवायचा हुकूम झाला. जिनेवालीचा कॅमेरा जमा झाला आणि तिची बदली तळघरातल्या जुन्या फायलींच्या खोलीत झाली.

तिथं जायच्या आधी ती शिंप्याला भेटायला गेली. तो मशीनच्या बाजूला खाटेवर पडला होता, पाय दोरीनं वर बांधलेला, बायको एका मशीनवर काज करत बसलेली. जिनेवालीनं आपण कोण, काय ते सांगितलं आणि फोटो पुढे केला. आधी चारचा.

शिंप्यानं तो हातात घेऊन उजेडाकडे धरला. "अरे वा," तो म्हणाला. "हा आपला जिना? बघ गं, किती छान दिसतोय!"

बायकोनं मशीन थांबवून पाहिलं. "खरंच की."

कुणी शिव्या दिल्या असत्या तर जिनेवालीला बरं वाटलं असतं. तिनं दुसरा फोटो दिला आणि बोट ठेवून जागा दाखवली. शिंपी दोन्ही फोटो आलटून पालटून बघत राहिला.

"म्हणजे तुम्हाला हा जास्त आवडला म्हणून हा लावलात," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"हं." त्यानं फोटो छातीवर ठेवले. "मी पण एकदा असंच केलं होतं. एकाचा कोट इतका झकास बसला होता की खांद्याला टाका सुटलाय हे दिसूनही सोडून दिलं. म्हटलं, आता उसवला तर घडी बिघडेल." मग तो म्हणाला, "पण कोट फाटला तर माणूस पडत नाही."

"नाही," ती म्हणाली.

बायकोनं पाण्याचा पेला आणून तिच्या हातात दिला आणि ती पुन्हा काज करायला बसली. माफ केलं असं कुणी म्हणालं नाही, आणि तिनंही माफी मागितली नाही.

तळघरात अकरा महिने गेले. तिथं तिच्या स्वतःच्या एकोणीस वर्षांच्या फायली होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, तरी ती रोज दोन-तीन तास त्या काढून भिंग घेऊन बसायची. ज्या फोटोत सावलीनं एखादा जोड, एखादी पायरी झाकली होती, तो बाजूला काढायची. काही फोटो इतके सुरेख होते की भिंग लावायला हात धजत नसे. अशाच फोटोंना ती आधी भिंग लावू लागली. त्रेचाळीस जिन्यांची यादी झाली. तिनं ती साहेबांना पाठवली. साहेबांनी कपाळाला हात लावला, पण माणसं पाठवली. सदतीस जिने ठणठणीत निघाले. सहा जिन्यांत दोष सापडला. एकात तर सबंध टप्पा नुसता रंगाच्या थरावर उभा होता, असं नव्या तपासनिसानं येऊन सांगितलं.

त्यानंतर तिला कॅमेरा परत मिळाला. काम आता वेगळ्या पद्धतीनं व्हायचं. प्रत्येक सज्ज्याचा फोटो खालून, वरून आणि बाजूनं, भर दुपारी, सावली पायाखाली असताना. फोटो रुक्ष यायचे. पहिले काही महिने चार वाजले की तिचा हात आपोआप कॅमेऱ्याकडे जायचा, आणि ती तो हात खिशात घालायची.

मग एक दिवस शिंप्याचा फोन आला. नवा जिना बसून रंगवून झाला होता. "निळा मागितला मी. कुणी विचारलं नव्हतं, पण मागितला. तुम्ही फोटो काढायला याल का? ऑफिसचा नको, आपला."

ती रविवारी गेली. शिंपी काठी टेकत खिडकीशी आला; पाय जरा आखूड राहिला होता, पण मशीनला मोटर बसवून त्यानं काम चालू ठेवलं होतं. ती आधी हातोडी घेऊन खालपासून वरपर्यंत चढली, एकेक बोल्ट ठोकून ऐकला. उतरून गल्लीत उभी राहिली तेव्हा ऊन भिंतीवर आलं होतं. निळा जिना, त्याची तिरपी सावली, आणि तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर वाळत घातलेले दोन पांढरे सदरे आणि एक लाल परकर. वाऱ्यानं सदऱ्यांच्या बाह्या हलत होत्या. इतकं सुंदर तिनं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"शिंपीदादा," तिनं खालून हाक मारली, "कपडे काढा ते. या जिन्यावर काही ठेवायचं नसतं."

शिंप्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अहो, फोटोसाठीच घातलेत मुद्दाम! छान दिसतात की."

"दिसतात," ती म्हणाली, आणि गळ्यातला कॅमेरा पाठीवर सारून कपडे काढायला स्वतः वर चढायला लागली.