बुडाला लावलेली काच

आम्हा कुंभारांच्या बायकांना चाकावर बसायची बंदी. माती तुडवा, मळा, मडक्यांना गेरू फासा, डोक्यावर घेऊन बाजारात विका. चाक मात्र बाप्यांचं. तेव्हा भद्रावतीजवळ नवं केंद्र निघालं होतं. भांड्यांवर काचेचा लेप चढवून भाजायला शिकवायचे. बाबांनी मला तिथे माती मळायच्या रोजीवर धाडलं. केसांत चिखल आणि नाक आभाळात, अशी ती पोर, म्हणजे तेव्हाची मी. आज भेटली तर कान पिरगाळीन.

तिथल्या मास्तरांनी एकदा चित्रं दाखवली. पाणी भरायचं नाही, भात शिजवायचा नाही, नुसती बघायची अशी भांडी. झालं! बाईसाहेबांनी हातानेच मातीच्या वळ्या रचत वारूळ उभं केलं, भोकाभोकांचं.

"हे कायले होय वं?" बाबांनी विचारलं.

"पाह्याले."

"पाह्याले वारुळं वावरात फुकट हायेत ना!"

मास्तरांना मात्र ते फार आवडलं. भट्टीतून धड निघालं तर मुलीला शिकायला ठेवून घेतो, म्हणाले.

"हे एक भट्टी पाह्यतो, मास्तर," बाबा म्हणाले. "नाई तं लगीन. पोरगं पाहून ठेवलं हाय."

मग काय, मी कुणाला हात लावू देईना. लेप मीच लावला, भट्टीत मीच ठेवलं. आमच्याकडे मडकं उलटं करून बघतात. बुडाला गेरू नसला तर गिऱ्हाईक परत करतं. म्हणून मी वारुळाच्या बुडालाही लेप दिला, चांगला दोनदा. काच वितळते आणि चिकटते, हे त्या शहाणीच्या डोक्यातच आलं नाही.

भट्टी उघडली. वारूळ काय झळकत होतं! उचलायला गेले, तर हलेना. भट्टीत भांडी ठेवायच्या फरशीला घट्ट बसलेलं. मास्तरांनी कडेवरून बोट फिरवलं.

"बुडालाही लावलास?"

"हो सर, दोन हात!" बावळटाने छाती काढून सांगितलं.

फरशी पुढच्या भट्टीला हवी होती. त्यांनी छन्नी मागवली, तेव्हा मला कळलं. मी गरम भट्टीतच वारुळाला मिठी मारून बसले.

"फरशीसकट राहू द्या ना, सर! मी दुसरी आणते, नागपूरहून डोक्यावर आणते!"

"निंग भाईर, बह्याड," बाबा दारातून ओरडले. "लोकं हासून राह्यले."

पहिल्याच घावाला वारूळ मधोमध फुटलं. मास्तर बाबांकडे वळले, "भाऊ, आणखी एकदा बघू या..."

"एक म्हणलं होतं न, मास्तर."

बंडीत बसल्यावर मी सारा रस्ता एकच धोशा लावला. "बाबा, आता समजलं न मले. बूड कोरं ठेवाचं. आता नाई चुकत मी. बाबा, आयकून राह्यले का?"

बाबा बैल हाकत होते. गाव दिसायला लागलं तेव्हा म्हणाले, "सासूसमोर हे बोलू नोको."