तिसरी ओळ सोनूची

आधी चहा घेऊ. त्या संध्याकाळी मी जे करून बसलो, ते कोरड्या घशानं सांगवत नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नुकताच पुण्याहून गाणं शिकून मॉरिशसला परतलो होतो. फिनिक्सला सरकारी नोकरी, आणि उरलेला सगळा वेळ लोकांच्या चुका काढण्यात. कुणी म्हणालं, "मला बाबा हे गाणं आवडतं," की मी लगेच म्हणायचो, "आवडीचा काय संबंध? दोन आणि दोन किती, हे तुमच्या आवडीवर आहे का? सूर लागतो किंवा लागत नाही." हळूहळू लोकांनी माझ्यासमोर गुणगुणायचं सोडलं. मला वाटलं, सुधारले.

अशा माणसाचं काय करतात? परीक्षक करतात. आमच्या मराठी मंडळानं गावोगावच्या भजनाची स्पर्धा ठेवली होती. मला दक्षिणेला, शमें ग्रेनिए नावाच्या गावी पाठवलं. बसथांब्यावर मला घ्यायला मंडळाचे तिथले भिवाजी येणार होते. ते आले नाहीत. वरून पाऊस भुरभुरत होता. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारलं, "मराठी लोकांचं भजन कुठे आहे?"

"ला-बा," म्हणजे तिकडे, म्हणत त्यानं उसाच्या शेताकडेच्या एका घराकडे हात केला. तिकडून टाळही ऐकू येत होते. मग शंका कशाला घ्यायची?

अंगणात ताडपत्री बांधलेली. बाकांवर माणसं, मधे पेटी, ढोलक, तेवता दिवा. दिव्यामागे हार घातलेला एका बाईचा फोटो. असतील मंडळाच्या संस्थापिका, असं मी धरून चाललो.

"फिनिक्सहून आलो," मी म्हणालो. "उशीर झाला, माफ करा."

"आलात हेच पुष्कळ, मिस्ये." मला असं साहेब करून एका बाईनं पुढची खुर्ची दिली आणि हातात चहा. "किसनच्या हापिसातले ना? तो पंडितजींना आणाया गेलाय."

हापिसातला तर मी होतोच. किसन म्हणजे कार्यकर्ता आणि पंडितजी म्हणजे दुसरे परीक्षक, हे माझं मीच ठरवलं.

शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "घरच्यांची ओळख हाय तुमची?"

"अजिबात नाही. ओळख असली की मन डळमळतं."

"ते खरं," ते म्हणाले आणि डोळे पुसले.

मग पेटीवरचे म्हातारे गायला लागले. सगळे त्यांना रामाकाका म्हणत होते. आवाज भरदार, सूर चोख. मी चकित झालो. पण प्रत्येक कडव्यात दोन ओळी झाल्या की काका गप्प. पेटी नुसती वाजत राहायची, आणि मग एकदम चौथी ओळ. तिसरी ओळ गायबच. तेवढ्या वेळात सगळं अंगण खाली बघायचं. मला वाटलं, आपल्या माणसाची चूक बघून शरमले.

गाणं संपलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी वाजवल्या. एकट्यानं.

"आणखी कोण आहे?" मी विचारलं.

"आता कोण?" ती बाई म्हणाली. "दोघंच होती."

"मग जोडीदार कुठे आहे?"

बाईनं पदर तोंडाला लावला. असेल आपसातलं भांडण, मी मनात म्हटलं आणि उभा राहिलो.

"आवाज उत्तम," मी सुरुवात केली. "सूर चोख. पण वातावरण फार उदास आहे, भजनात थोडा उत्साह हवा. आणि काका, तिसरी ओळ तुम्ही दरवेळी गाळता. पाठ नसेल तर समोर कागद ठेवावा. ही उघड चूक आहे. यात माझ्या आवडीनिवडीचा प्रश्न येत नाही."

ताडपत्रीवर पाऊस वाजत होता. काकांनी पेटीचा भाता हळूच मिटला.

"पाठ हाय मला," ते म्हणाले. "ती ओळ सोनू म्हणायची."

आणि त्यांनी फोटोकडे पाहिलं.

तुम्हाला कधी असं झालंय का, की जमीन फाटली तर बरं, पण ती फाटत नाही? मी चुकीच्या घरी आलो, स्पर्धा दुसरीकडेच आहे, मी परीक्षक आहे, हे सगळं अडखळत सांगितलं. आता मला हाकलतील, अशी मी वाट बघत होतो. कुणीही हाकललं नाही. ते जास्त लागलं.

"गाणं शिकलात म्हणता," काका म्हणाले. "मग बसा. ती ओळ तुम्ही म्हणा. तिथला रिकामेपणा ऐकवत नाय मला."

त्यांनी शब्द सांगितले. मी गायलो, पुण्यात शिकलेलं सगळं त्यात ओतून.

काकांनी मान हलवली. "सूर बरोबर. पण ती शेवटाला जरा उतरायची. लग्न झाल्यापासनं तिला सांगत आलो, सोनू, खाली जातेस, वर धर. मी बँडात वाजवलंय, मला कान हाय. नाय ऐकलं तिनं. आता तसं म्हणा."

मी उतरलो.

"नों, एवढं नाय."

कमी उतरलो.

"आता बरोबरच लागला," काका खिन्नपणे म्हणाले.

पुन्हा प्रयत्न केला. चहा देणारी बाई सोनूची बहीण निघाली. ती म्हणाली, "हे तुम्ही मुद्दाम चुकताय, मिस्ये. ती मुद्दाम नाय चुकायची." बाकांवरून माना हलल्या. त्या अख्ख्या अंगणाला सोनूबाईंची चूक नेमकी ठाऊक होती आणि त्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. आवड ज्याची त्याची, असं म्हणणारा तिथे एकही माणूस नव्हता. माझ्याइतकेच कडक परीक्षक सगळे, आणि समोर मी.

काकांचा मुलगा किसन पंडितजींना घेऊन आला, तेव्हा मी त्याच ओळीवर घामाघूम झालो होतो. काकांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"राहू दे. वाईट वाटून घेऊ नका. तुम्हाला नाय जमायचं. मी गाळतोच."

त्यांनी पुन्हा गायला घेतलं. दोन ओळी झाल्या, पेटी नुसती वाजत राहिली. सगळ्यांबरोबर मीही खाली बघत गप्प बसलो.

तेवढं मात्र मला अचूक जमलं.