निघताना विचारू नये

बोईसरच्या मासळीबाजारात पाटी रिकामी झाली की नळावर हात धुवायचे, त्यांना लिंबाची साल चोळायची आणि मुरब्याहून रिक्षाने आलेल्या लेकीला उतरवून जिम्नॅस्टिक्सच्या हॉलवर न्यायचं. मंगळवार आणि शुक्रवार, हेमांगीचा हा नेम. पहाटेपासून उकिडवं बसून कमरेचा काटा ढिला झालेला. हॉलमधल्या बाकावर तिच्या शेजारची जागा नेहमी मोकळीच असायची. का, ते तिला कळायचं. पण पाय पसरायला मिळतात, तर कोण मनाला लावून घेतं? समिधा कोलांट्या मारायची आणि आई बसल्या बसल्या डुलक्या घ्यायची.

मुरब्यात होडी निघताना कुणी विचारत नाही. कधी येणार, किती मासळी मिळणार, ब्र काढायचा नाही. विचारलं की खोडा घातलाच म्हणून समजा. नवरा पुंडलिक जाळी घेऊन निघतो तेव्हा हेमांगी नुसती दारात उभी राहते. तीच रीत तिने इथेही पाळली. पोर नव्या वाटेला लागलीय, तिला टोकायचं कशाला? बाकीच्या आया रूपल मॅडमना भंडावून सोडायच्या: पुढे काय, स्पर्धा कधी? हेमांगीला त्या आगाऊ वाटायच्या.

मग एका शुक्रवारी डोळा उघडला तर समिधाच्याच बरोबरीची, शिरगावच्या वाडीवाल्यांची रुचिता उंच बारला लटकलेली. समिधा मात्र नव्या आलेल्या चिल्ल्यापिल्ल्यांत, त्याच जुन्या गादीवर.

हेमांगीने शेवटी विचारलंच. "मॅडम, आमच्या समिधाला जमत नाय का?"

"जमत नाही?" रूपल मॅडम चकित झाल्या. "तिच्यासारखी पकड इथे दुसरीची नाही. पण तुम्ही कधी स्पर्धेचं विचारलंच नाही. मला वाटलं, हौस म्हणून आणता. बाकीचे पालक वर्षापूर्वीच बोलले होते."

"मंग तुमी का नाय बोललात?"

"बोलायला हवं होतं," असं म्हणून मॅडमनी तिला बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. स्पर्धेची बॅच आठवड्यातले सहा दिवस. पहिली दोन वर्षं पदक वगैरे काही नाही, नुसता पाया. मग जिल्हा, विभाग, जमलं तर राज्य. त्यातल्या रविवारी सरावाला विरारपलीकडे जायचं, कारण बीम आणि व्हॉल्ट ही साधनं इथे नाहीत. मनगटं दुखतात, घोटे सुजतात. अंग वाढायला लागलं की बऱ्याच मुली सोडूनही देतात. गेलेलं वर्ष भरून निघेल, पण पोरीला जास्त राबावं लागेल. सोमवारपर्यंत कळवा.

हेमांगीला आधी मॅडमचा राग आला, मग स्वतःचा. मग रागवायचंही त्राण उरलं नाही. सहा दिवस! इथे दोनच दिवसांत जीव मेटाकुटीला येत होता. नाही म्हणून टाकावं, पोरीला काय कळतंय, असा विचार करतच ती रिक्षात बसली.

रिक्षा निघाल्यावर समिधाने विचारलं, "आये, मॅडम रागावल्या काय?"

"नाय गं. का?"

"मला येत नाय म्हणून. रुचिताला तिकडं घेतलं, मला नाय घेतलं." पोर खिडकीबाहेर बघतच बोलत होती. "मी घरी पण करते, तू बाजाराला गेलीस की. तरी नाय घेत."

इतके महिने ही पोर स्वतःलाच कमी समजत राहिली आणि आपण बाकावर झोपा काढल्या.

"तुला येतं," हेमांगी म्हणाली. "समद्यात चांगलं येतं. मीच विचारलं नव्हतं."

"आता विचारलंस? काय म्हणाल्या?"

सहा दिवस, विरार, सुजलेले घोटे, सगळं तिच्या ओठावर आलं होतं. पुंडलिकच्या कानावर अजून काही घातलंही नव्हतं.

"सोमवारपासून ये म्हणाल्या," हेमांगी म्हणाली.